विसाजीपंतांनी बोट उघडली

बाळांनो, जरा पुढे सरका, म्हणजे मागच्यांनाही ऐकू येईल. आणि ज्यांना शेपट्या आहेत त्यांनी त्या आवरून बसा.

एका जंगलात, जिथे झाडं संपतात आणि खाडी लागते, तिथे विसाजीपंत नावाचं एक अस्वल राहत होतं. अस्वल वजनदार होतं, म्हणून आपणही त्यांना अहो-जाहोच करू.

विसाजीपंतांकडे एक बोट होती. अलीकडच्या प्राण्यांना पलीकडे न्यायचं आणि पलीकडच्यांना अलीकडे आणायचं, हा त्यांचा उद्योग. बोटीचं इंजिन आत होतं आणि त्याचा पाय मागच्या बाजूने बाहेर, पाण्यात सोडलेला. पायाच्या टोकाला पंखा. मागच्या फळीला एक भोक होतं आणि त्यातून इंजिनचा दांडा पायाकडे जायचा. त्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरून रबराची घड्याघड्यांची नळी बसवलेली होती. एवढ्या मोठ्या बोटीत ती नळी अगदीच क्षुल्लक दिसायची.

एके सकाळी तो पाय कुरकुरायला लागला. विसाजीपंतांनी खेकडा मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री आडवे आडवे चालत आले. बोटीच्या पायाखालचा स्क्रू त्यांनी सैल केला. आतून थोडं तेल गळलं. तेल कसलं, दूध घातलेला चहाच तो!

"तेलात पाणी गेलंय," मिस्त्री म्हणाले. "आतली रबरी कडी गेली. पाय उतरवावा लागेल. दोन दिवस लागतील. परवा येतो, तोवर हात लावू नका."

आणि आले तसे आडवे निघून गेले.

विसाजीपंतांना दोन दिवसांचं काही वाटलं नाही. पण 'हात लावू नका' हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

"बोट माझी," ते बायकोला म्हणाले. "पंजे माझे. आणि मी हात लावायचा नाही?"

"अहो, त्यांना त्यातलं कळतं," भागाबाई म्हणाल्या.

"त्यात कळायचं काय असतं? फिरवलं की उघडतं, उलटं फिरवलं की बसतं."

त्या जंगलात मिठाराम नावाचा एक पोपट होता. रोज सकाळी तो वडाच्या फांदीवर बसून प्राण्यांना 'घरच्या घरी' काय काय करता येतं ते सांगायचा. घरच्या घरी दात काढणं. घरच्या घरी वारूळ बांधणं. ऐकणारे खाली जमायचे आणि आवडलं की शेपटी वर करायचे. जितक्या शेपट्या वर, तितका मिठारामचा गळा मोठा.

"नमस्कार मित्रांनो!" मिठाराम म्हणाला. "आज आपण बघणार आहोत, बोटीचा पाय उतरवणं. अगदी सोप्पं आहे!"

मिठाराम जन्मात बोटीत बसला नव्हता. त्याला पंख होते.

विसाजीपंत बोट चिखलावर ओढून कामाला लागले. पाय उतरवायला सकाळ गेली. कडी बदलायला दुपार गेली. मिठाराम वरून सांगत होता आणि शेपट्या वर होत होत्या. पाय परत चढवायला जरा जास्त वेळ लागला, कारण तो बसत नव्हता. मग विसाजीपंत त्यावर स्वतः बसले. तेव्हा बसला.

शेवटी चिखलात तीन नट उरले, आणि रबराची नळी आवळून धरणारा एक लोखंडी पट्टा.

"हे कशाचे?" भागाबाईंनी विचारलं.

"जादाचे," विसाजीपंत म्हणाले. "बनवणारे देतात असं थोडंफार वरचं."

नळीला त्यांनी पट्ट्याऐवजी एक वेल बांधली. गाठ मात्र सुरेख मारली. मग बोट पाण्यात लोटली, इंजिन सुरू केलं आणि बोट पुढे-मागे न्यायची दांडी पुढे ढकलली.

बोट मागे गेली.

जमलेल्या प्राण्यांच्या शेपट्या खाली आल्या. विसाजीपंतांनी दांडी मागे ओढली. बोट पुढे आली.

"मुद्दामच केलंय," विसाजीपंत म्हणाले. "असं सोपं पडतं."

पुन्हा शेपट्या वर झाल्या.

दुसऱ्याच दिवशी चंद्राआजींच्या घशात फणसाची आठळी अडकली. चंद्राआजी म्हणजे जंगलातली सर्वांत वयस्कर वानरीण आणि सर्वांत बोलकी. त्या दिवशी मात्र तोंडातून चकार शब्द निघेना. श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि डोळे पांढरे होत होते. कासव वैद्य खाडीपलीकडे राहायचे. सून रडत रडत धावत आली.

"विसाजीकाका, लवकर चला! आमच्या सासूबाई बोलेनाशा झाल्या हो!"

विसाजीपंतांना चिखलात उरलेला पट्टा आठवला. क्षणभर त्यांना वाटलं, सांगून टाकावं की बोट अजून नीट तपासलेली नाही. पण काठावर सगळं जंगल उभं होतं, आणि सगळं त्यांच्याकडेच बघत होतं.

"बसा," ते म्हणाले.

आजी बसल्या. सून बसली. सोबतीला म्हणून मुंगूस मास्तर बसले. दांडी मागे ओढताच बोट पुढे निघाली.

अर्ध्या खाडीत आजी हातवारे करायला लागल्या. बोटीच्या तळाकडे बोट दाखवायच्या आणि छाती पिटायच्या.

"फार त्रास होतोय त्यांना," मास्तर हळहळले.

"सासूबाई, धीर धरा," सून म्हणाली.

आजींनी सुनेच्या डोक्यात एक टपली मारली आणि पुन्हा तळ दाखवला. तेवढ्यात वेलीची ती सुरेख गाठ पुरती सुटली. मागे काहीतरी फाडकन आपटलं, बोटीला गचका बसला, आजी पुढे आपटल्या आणि आठळी टुणकन बाहेर उडून मास्तरांच्या नाकावर बसली.

"पाणी!" आजी किंचाळल्या. "मेल्यांनो, कधीची दाखवतेय! बोटीत पाणी आलंय!"

सगळ्यांनी खाली पाहिलं. पाणी घोट्याच्या वर होतं आणि वाढत होतं. ओहोटी लागली होती, पाण्याने जड झालेली बोट खाडीच्या मुखाकडे ओढली जात होती. तिथे वाळूवर मगरी ऊन खात पडलेल्या असायच्या. त्यातल्या दोघींनी मान वर केली.

"विसाजीकाका, काहीतरी करा!"

विसाजीपंतांना काहीच सुचेना. इंजिनच्या बाबतीत मिठारामने सांगितलेली एकच गोष्ट त्यांना आठवली. काही कळेनासं झालं तर लाथ घालायची.

त्यांनी एक लाथ घातली. पाणी वाढलं. दुसरी घातली. पाणी आणखी वाढलं. सून आजींच्या गळ्यात पडली. विसाजीपंतांनी डोळे मिटले, मनातल्या मनात भागाबाईंची माफी मागितली आणि तिसरी लाथ घातली.

पाणी थांबलं.

"थांबलं!" मास्तर ओरडले. "उपसा, उपसा!"

तिघं डबे घेऊन पाणी उपसू लागली. विसाजीपंत हळूच बोटीच्या मागे वाकले. खाली पाण्यात रबराची नळी जागच्या जागी बसलेली होती, आणि ती दोन नांग्यांनी घट्ट आवळून धरलेली होती. काडीवरचा एक डोळा पाण्यातून वर आला.

"पुढे बघा," खेकडा मिस्त्री दबक्या आवाजात म्हणाले. "आणि लाथ नका मारू. डोक्यात घुमते."

"तुम्ही इथे कसे?"

"वहिनी काल येऊन सांगून गेल्या. हे कोणाचं ऐकायचे नाहीत, तेव्हा बोट निघाली की तुम्ही आपले खाली असा, म्हणाल्या."

बोट पलीकडे लागली. कासव वैद्य पायऱ्या उतरून पाण्याशी येईपर्यंत आजींची त्यांना सगळी हकिगत दोनदा सांगून झाली होती.

संध्याकाळी वडाखाली सभा भरली. विसाजीपंतांनी बुडती बोट तीन लाथांत दुरुस्त केली, शिवाय घशातली आठळी काढली, असं मास्तरांनी भाषणात सांगितलं. टाळ्या पडल्या. विसाजीपंत उभे राहिले. खरं सांगायचं, असं त्यांनी अगदी ठरवलं होतं. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात गळ्यात हार पडला. हार मोगऱ्याचा होता, वास छान येत होता. ते म्हणाले, "मी फक्त निमित्त."

हे खरंच होतं, पण सगळ्यांना तो विनय वाटला. समोर बसलेल्या भागाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

लोकाग्रहास्तव विसाजीपंतांनी वर्ग सुरू केला. 'घरच्या घरी बोटदुरुस्ती'. रानडुकरं आली, तरस आले, उदमांजरं आली. घरोघरी बोटी आल्या आणि घरोघरी उघडल्या गेल्या. घरोघरी नट उरू लागले. वेल तर जंगलात पुरेनाशी झाली.

पण विसाजीपंतांना घास गोड लागेना. भागाबाई जेवायला वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. शेवटी एके दिवशी ते उठले आणि खेकडा मिस्त्रींच्या बिळाशी गेले.

"मिस्त्री, माझं चुकलं," ते म्हणाले. "उद्या वडाखाली उभा राहून सगळं सांगतो. बोट तुम्ही वाचवलीत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. वर्ग बंद."

मिस्त्रींच्या नांगीतला पाना खाली पडला. दोन्ही डोळे काड्यांवर ताठ उभे राहिले.

"असं करू नका हो विसाजीपंत!" ते कळवळून म्हणाले. "मागे बघा जरा."

विसाजीपंतांनी मागे पाहिलं. चिखलावर बोटींची रांग लागली होती. एकीचा पाय उलटा बसवलेला, दुसरीचा पंखा आत. एका बोटीची तर दोन्ही टोकं पुढचीच होती.

"पूर्वी महिन्याकाठी एक बोट यायची," मिस्त्री म्हणाले. "ती पण तुमचीच. आता मला जेवायला फुरसत नाही. तीन पुतणे हाताशी घेतलेत. एकाचं लग्न ठरलंय. तुम्ही खरं बोललात तर आमचं कसं व्हायचं?"

विसाजीपंतांनी खाली पडलेला पाना उचलून मिस्त्रींच्या नांगीत दिला.

"मग मी काय करू?"

"पुढच्या वर्गात," मिस्त्री त्यांच्या कानाशी आले, "गिअरबॉक्स घ्या."

तात्पर्य : आपली बोट आपणच दुरुस्त करावी. सगळेच कारागिरांवर विसंबून राहिले, तर बिचाऱ्या कारागिरांनी खायचं काय?