पायांना दिशा

राजगोपाळरावांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काम केलं आणि निवृत्त होताना टेबलावर एकही फाइल मागे ठेवली नाही. त्यामुळे दोन्ही घोट्यांवर सूज चढली तेव्हा ते मुळीच डगमगले नाहीत. "पाणी अडलंय ना? अडलेलं पुढं सरकवणं माझ्यावर सोडा," असं त्यांनी बायकोला, गोदाबाईंना, बजावलं आणि पाणी पिणंच बंद केलं. दोन दिवसांनी सूज होती तिथंच होती, घसा मात्र कोरडा ठाक पडला होता.

शेवटी गोदाबाईंनी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त, लघवी, हृदय, सगळं तपासून झालं. तसं काळजीचं काही निघालं नाही. मग बाईंनी घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तो भरून यायला तीस आकडे मोजावे लागले! बाई म्हणाल्या, मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, आणि दिवसभर खुर्चीत बसलं की ते खाली पायांत उतरतं. तेव्हा मीठ कमी, रोज थोडं चालणं, दिवसातून तीनदा वीस मिनिटं आडवं होऊन पाय छातीपेक्षा उंच. आणि पाणी आपल्या मनानं तोडायचं नाही.

मिठाचं लवकर मिटलं. दहीभातासोबतचं नार्तंगाय, म्हणजे मिठात मुरवून वाळवलेलं ते आंबट फळ, हे मीठ नसून औषध आहे असा राजगोपाळरावांचा दावा होता. गोदाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी बरणी माळ्यावर टाकली आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली.

खरी पंचाईत पायांची झाली. मद्रासजवळच्या तांबरममधल्या त्यांच्या घरात पंखा एकच धड, तो दिवाणखान्यात. पूर्वेला देव. उत्तरेच्या भिंतीवर सोन्याच्या वर्खाचा तंजावरी बाळकृष्ण. पश्चिमेला वडलांचा फोटो, आणि ज्या वडलांसमोर ते कधी पायावर पाय टाकून बसले नाहीत, त्यांना तळवे दाखवायचे? उरली दक्षिण, तिथं घराचं दार. पण डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला असं माणसाला एकदाच निजवतात, आणि तेव्हा त्याला विचारत नाहीत. गोदाबाईंनी कपाळाला हात लावला. राजगोपाळरावांनी मात्र निकाल दिला की यमाला तळवे दाखवलेले बरे, तो तरी लांब राहील.

महिनाभर हे बिनबोभाट चाललं. रोज सकाळी अंगठा दाबायचा, खड्डा भरेपर्यंत आकडे मोजायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. तिसाचे वीस झाले, विसाचे सतरा. गडी खूश होता.

मग तो रविवार आला. मुलगी जननी शोळिंगनल्लूरला नोकरी करत होती, आणि तिथंच काम करणाऱ्या कार्तिकेयशी तिचं जमलं होतं. दोन्ही घरं तंजावरच्या मराठी माणसांची, म्हणून तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता कार्तिकेयच्या आईचा. सरोजाबाई आचाराला कडक. त्यांच्या 'हो'वर सगळं अडलं होतं आणि त्या चार वाजता येणार होत्या.

साडेतीनला राजगोपाळरावांनी लोड काढले. जननी काकुळतीला आली, "अप्पा, आज एक दिवस राहूं द्या की." पण नियम म्हणजे नियम. ती तणतणत साडी नेसायला आत गेली. गोदाबाईंनी शेजारून मागून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, नवऱ्याभोवतीची पुसलेली फरशी वाळेपर्यंत, दाराबाहेर ओळीनं मांडल्या. समई लावून बाळकृष्णाखाली ठेवली. ती नेमकी नवऱ्याच्या डोक्याशी आली हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण स्वयंपाकघरात केसरी शिरा खाली लागत होता.

रविवारी गाड्या कमी, म्हणून अण्णा नगरहून लवकर निघालेली मायलेकं मेट्रो आणि लोकल गाठून वीस मिनिटं आधीच पोचली. गल्लीत वळताच सरोजाबाईंना दाराबाहेर खुर्च्यांची ओळ दिसली आणि त्यांचं पाऊल अडखळलं. मद्रासेत घरातलं माणूस गेलं की अशा खुर्च्या मांडतात, हे कोणाला सांगावं लागत नाही. दार उघडंच होतं. आत समई, समईपाशी डोकं, मिटलेले डोळे, पांढरं वेष्टी-धोतर आणि दाराकडे केलेले दोन तळवे! मायलेकांनी मुकाट्यानं चपला काढल्या. कार्तिकेयनं हातातली फुलं मागं लपवली. सरोजाबाई उंबऱ्याशी थांबल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "कव्हां झालं?"

"पाचच मिनिटं झालीं," डोळे न उघडता राजगोपाळराव म्हणाले. "अजून पंधरा आहेत."

सरोजाबाईंनी केवढ्यांदा किंकाळी फोडली! राजगोपाळराव ताडकन उठून बसले, गोदाबाई झारा घेऊन धावत आल्या, जननी अर्ध्या निऱ्यांनिशी दारात थिजली. संपलं, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

राजगोपाळरावांनी घाम पुसत, चाचरत, सगळं सांगितलं: सूज, मीठ, तीन भिंती. सरोजाबाई ऐकत होत्या आणि एकेक भिंत निरखत होत्या. पूर्व पाहिली, उत्तर पाहिली, वडलांच्या फोटोपुढं तर जरा जास्तच वेळ थांबल्या.

"बरोबर केलंत," त्या अखेर म्हणाल्या. "माणसाला उठून दुसरीकडे बसतां येतं. देवाला कुठं येतं?" मग आत आणलेल्या खुर्चीत टेकून त्यांनी स्वतःचे पाय हळूच पुढं केले. जोडवी मांसात रुतलेली होती. "माझेही असेच आहेत. आणा तो लोड."

लग्नाची बोलणी अशी दोघांचे पाय वर असताना झाली. खुर्चीवर पाय ठेवणं पुरेसं नाही, त्यासाठी आडवंच व्हावं लागतं, हे राजगोपाळरावांनी विहीणबाईंना दोनदा समजावलं. सरोजाबाईंनी उद्याच डॉक्टरीणबाईंना दाखवायचं कबूल केलं आणि होकारही दिला.

मुलं जोडीनं नमस्काराला वाकली. कार्तिकेयनं भक्तिभावानं राजगोपाळरावांचे पाय धरले, ते जरा जोरातच. अंगठा उठला आणि खड्डा पडला. राजगोपाळरावांनी सवयीनं डोळे मिटले आणि त्यांचे ओठ पुटपुटू लागले. सरोजाबाईंनी हात जोडले. केवढा मोठा मंत्र! आता अष्टपुत्रा म्हणतील म्हणून सगळे कान देऊन बसले.

"अकरा!" राजगोपाळराव आनंदानं ओरडले.

वाकलेल्या जननीनं मान वर न करताच सांगितलं, "अप्पा, आशीर्वाद आठाचा असतो."