आकाशगाडी आणि अर्धा इंच

मास्तरांच्या थोरलीची उंची त्या रविवारी सकाळी बरोब्बर अठ्ठेचाळीस इंच भरली. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. शाळेचे गणवेश आणि पुरुषांच्या पँटी हा त्यांचा धंदा, आणि घरात त्यांची टेप म्हणेल ती पूर्व दिशा. त्यांनी पोरीला चौकटीला पाठ लावून उभं केलं, टाचा टेकल्यात ना हे वाकून पाहिलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि आकडा दोनदा वाचला.

"नक्की ना बाबा?"

"अगं, पंचवीस वर्षं मापं घेतोय. एका सुताचा फरक निघाला तर धंदा सोडीन."

ही अठ्ठेचाळीसची भानगड अशी. शहराबाहेर पाळण्यांची एक मोठी बाग होती आणि तिथे आकाशगाडी नावाची गाडी रुळांवरून हळूहळू वर चढायची आणि धाडकन खाली यायची. अठ्ठेचाळीस इंचांखालच्या मुलांना तिच्यात घेत नसत. गेल्या वर्षी थोरली पाऊण तास रांगेत उभी राहिली आणि दोन इंचांसाठी परत फिरली. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. ती नाक धरून दूध प्यायची, दाराच्या वरच्या कडीला लोंबकळायची आणि ती कडी उखडल्यावर धाकट्याला आपले पाय ओढायला सांगायची. धाकटा चार वर्षांचा होता, तो मन लावून ओढायचा.

त्या काळी सहल वर्षातून एकदा निघायची आणि पुढे वर्षभर पुरायची. खिडकीची जागा कोणाची यावर बसमध्ये भांडण, अर्ध्या वाटेतच उघडलेले डबे, आईचं "आत्ताच सगळं संपवा", सगळं ठरल्यासारखं व्हायचं. या खेपेला मात्र पोरीने डब्याला हातही लावला नाही. सगळा जीव त्या गाडीत अडकला होता.

आकाशगाडीच्या फाटकाशी एक रंगवलेलं लाकडी अस्वल उभं होतं. त्याचा एक पंजा आडवा पुढे आलेला. ज्याचं डोकं पंजाला अडलं तो आत, जो खालून सरळ निघून गेला तो बाद. शेजारी गळ्यात शिट्टी अडकवलेला, पोट सुटलेला माणूस खुर्ची टाकून बसला होता. थोरली चालत आली आणि पंजा तिच्या भांगात रुतला.

"अडलं. जा आत," शिट्टीवाला म्हणाला.

खरं तर गोष्ट इथे संपायची. पण मास्तरांची नजर पडली ना पंजावर. पोरगी अठ्ठेचाळीसची, पंजा अठ्ठेचाळीसचा, म्हणजे डोकं नुसतं चाटून जायला हवं. इथे तर ते चांगलं अर्धा इंच वर येत होतं.

"थांब गं जरा," मास्तर म्हणाले. "भाऊ, तुमचं अस्वल चुकलंय."

"काय चुकलंय?"

"अर्ध्या इंचाने बुटकं आहे."

"अहो," मागून बायको म्हणाली. तिच्या एका हातात डबे होते आणि कडेवर धाकटा. "अस्वलाला पँट शिवायचीय का? पोरीला जाऊ द्या ना."

"जाऊ द्या काय? माप म्हणजे माप."

मास्तर सहलीलासुद्धा टेप घेतल्याशिवाय निघत नसत. त्यांनी खिशातून ती काढली, फरशीपासून पंजापर्यंत लावली आणि साडेसत्तेचाळीस भरल्याचं मागच्या आजोबांना दाखवलं. आजोबांनी शेजारच्या बाईंना सांगितलं. बातमी रांगेच्या शेपटापर्यंत पोचली तेव्हा अस्वल राहिलं बाजूला, गाडीचा एक रूळच अर्धा इंच आखूड असल्याचं ठरलं होतं. लोकांनी गलका केला. शिट्टीवाल्याने घाबरून गाडी थांबवली आणि बागेच्या साहेबांना बोलावणं धाडलं. साहेब आले ते मिस्त्रीला घेऊन, आणि मिस्त्री पोलादी टेप घेऊन.

मिस्त्रीने मोजलं. "सत्तेचाळीस."

"साडेसत्तेचाळीस," मास्तर म्हणाले.

"ही पोलादाची आहे मास्तर. ताणली जात नाही, आटत नाही."

"आणि ही माझी आहे."

दोन्ही टेपा शेजारी शेजारी धरल्या तेव्हा उलगडा झाला. मास्तरांच्या टेपचं पितळी टोक कधीतरी तुटून पडलं होतं आणि जाताना पहिल्या इंचातला अर्धा इंच घेऊन गेलं होतं. दुकानात याच टेपने माप घ्यायचं आणि याच टेपने कापड बेतायचं, त्यामुळे चुकीला चूक मिळून पँट झकास बसायची. गिऱ्हाइकाला कळलं नाही, मास्तरांनाही नाही. रोज हातात असलेली वस्तू कोण निरखून बघतो?

अस्वलाचं दुखणं वेगळंच होतं. बागेत नवी फरशी घातली होती, जमीन इंचभर वर आली आणि अस्वल बिचारं होतं तिथेच राहिलं.

साहेबांनी हात जोडले. "मास्तर, उपकार झाले. उद्या एखादं पोर वरून पडलं असतं तर?"

मिस्त्रीने पंजा इंचभर वर ठोकला आणि पुढच्या सगळ्या पोरांना पुन्हा मोजलं. थोरली खालून सरळ निघून गेली, पंजा तिच्या केसालाही लागला नाही. तिच्या मागची आणखी चार पोरं बाद झाली. त्यांच्या आईबापांनी मास्तरांकडे असं काही पाहिलं की मास्तर खाली मान घालून टेपची गुंडाळी करत राहिले.

थोरली रडली नाही. ती बाकावर जाऊन बसली आणि बुटाची टोकं बघू लागली. रडली असती तर परवडलं असतं. मास्तर पुन्हा फाटकापाशी गेले.

"भाऊ, लहान पोर आहे. अर्ध्या इंचाने असं काय होतंय?"

शिट्टीवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "मास्तर, हे तुम्ही विचारताय?"

मास्तर बाकाशी परत आले. "चुकलं माझं, बाळा."

"तुमची उंची भरते ना?" थोरली मान वर न करता म्हणाली. "मग तुम्ही बसा. आणि वरून काय दिसतं ते मला सांगा."

आता मास्तर असे, की दुकानातल्या माळ्यावर चढायचं तरी बायकोला शिडी धरावी लागे. पण आज नाही म्हणायला तोंड नव्हतं. साहेबांनी त्यांना मानाने सगळ्यात पुढे बसवलं. गाडी चढू लागली तसे मास्तरांनी डोळे घट्ट मिटले, ते गाडी थांबेपर्यंत उघडले नाहीत. मधे काय झालं ते त्यांना ठाऊक नाही, खालच्यांना मात्र सगळं ऐकू येत होतं. बाद झालेली चार पोरं टाळ्या पिटत होती आणि थोरली हसून हसून बाकावर आडवी झाली.

मास्तर लटपटत उतरले. ती धावत आली. "काय दिसलं बाबा?"

डोळे मिटले होते असं सांगणार होते, पण तिचा चेहरा पाहून त्यांना ते जमेना. "नदी दिसली," ते म्हणाले. "नदीत होड्या. आपलं घर, गच्चीवर वाळत घातलेला तुझा निळा फ्रॉक."

"आणि दुकान?"

"दुकान म्हणजे काय, पाटीवरची अक्षरं वाचता येतात."

अर्ध्या इंचासाठी गाडी थांबवणारा माणूस, पण हे कोसभर लांबीचं खोटं त्याने एका दमात सांगितलं. थोरलीने ते शाळेत सांगितलं, शेजारी सांगितलं, नदी आणि दुकानाचं चित्र काढून भिंतीला चिकटवलं. मास्तरांनी दुसऱ्या दिवशीच नवी टेप आणली, पण जेवताना वर्षभर ते त्या चित्राकडे पाठ करून बसायचे. खरं सांगून टाकावं असं कितीदा वाटलं, धीर झाला नाही.

पुढच्या वर्षी ती नव्या टेपने साडेएकोणपन्नास भरली. पंजाला डोकं अडलं, शिट्टीवाल्याने मास्तरांकडे एकदा जपून पाहिलं, मास्तरांनी टेप खिशातच ठेवली. बायको तिच्याबरोबर बसली. मास्तर धाकट्याला घेऊन खाली उभे राहिले, आणि गाडी चढू लागली तशी त्यांनी या खेपेलाही डोळे मिटून घेतले.

बायको आधी बाहेर आली. "अहो, नदी कुठली? समोर गोदामाचे पत्रे आणि पाण्याची टाकी. तुम्ही काय बघून आला होतात?"

बापाच्या शब्दावर वर्षभर चित्र जपणारी पोरगी आता समोरून येणार होती.

थोरली आली. केस विस्कटलेले, गाल लाल. तिने बापाच्या तोंडाकडे नीट पाहिलं, चांगलं सावकाश.

"दिसलं बाबा," ती म्हणाली. "नदी, होड्या, सगळं. दुकानाची पाटीपण."

मास्तरांनी तिचे विस्कटलेले केस नीट केले.

"दुकान बंद होतं पण," धाकट्याचा हात धरून पुढे चालू लागत ती म्हणाली. "तुम्ही इथे आहात ना."