दाजींनी शोधलेलं तळं

तळं सापडलं तेव्हा विभागप्रमुख चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून तळाशी गेलं, तरी त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही.

विभागाचं काम अफाट होतं. समुद्राचं पाणी आभाळात चढतं, आभाळातून डोंगराच्या खांद्यावर उतरतं, ओढ्यानाल्यांतून हुंदडत पुन्हा समुद्राच्या कुशीत शिरतं. साऱ्या जगाचं हे जातं विभागप्रमुखांच्या संगणकात घरघरत असे. वरून जाणारा उपग्रह जमिनीवर लहरी फेकी, संथ पाणी त्या आरशासारख्या परतवी, आणि जिथे पाणी तिथे पडद्यावर निळं उमटे. दुखणं एकच होतं. या जात्याच्या हिशेबात थोडं पाणी कायम कमी पडे. परदेशातले तज्ज्ञ ते कमी पाणी दाखवून विभागप्रमुखांना भर परिषदेत हसत.

आणि आज, शहराबाहेरच्या माळापलीकडे, एक नवाकोरा निळा डाग!

"सर, एकदा जाऊन बघून यायचं का?" सहायिका म्हणाली. "गाडीनं काही लांब नाही."

"जाऊन? मग उपग्रह वर कशाला सोडलाय? हवा खायला?"

सहायिकेनं "हो सर" म्हणून नकाशा उघडला. तिथे टिकायचं तर ते शिकावंच लागे.

तळं नकाशावर चढलं. नकाशा पाटबंधारे कार्यालयात गेला. त्या कार्यालयानं आपलं सगळं काम या नकाशावर सोपवून टाकलं होतं, म्हणजे तिथे कुणाला डोकं चालवायची गरज उरली नव्हती. नकाशात तळं दिसताच त्यांनी त्या जागेची कालव्याच्या पाण्याची पाळी बंद केली. तळ्याला पाणी कोण पाजतं?

रात्री जेवताना विभागप्रमुखांच्या मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, माझ्या शेताचं पाणी तोडलंय. म्हणतात, तिथे तळं आहे."

"आहेच. मीच शोधलंय."

"अहो, ती माझी ढोबळी मिरची आहे! रोपांना माव्याची कीड लागू नये म्हणून चंदेरी पन्नी अंथरलीय वाफ्यांवर. ती चकाकते!"

"हे बघ, तू आत्ता कुठे उभा आहेस?"

"शेतात."

"असं तुला वाटतं."

पलीकडे रातकिडे किरकिरत होते. बायकोनं भात वाढता वाढता विचारलं, "अहो, माझा भाऊ तळ्यात राहतो, तर इतके दिवस पोहत होता का?"

"तुम्ही भावंडं फार खालून बघता," विभागप्रमुख म्हणाले, आणि त्यांनी आमटी मागितली.

मेहुण्यानं अर्ज केले. उत्तर आलं, की जलाशयात मिरची लावणं बेकायदेशीर आहे. बिचाऱ्यानं शेजाऱ्याच्या विहिरीवरून घागरी वाहून रोपं जगवली. ती लेकरांसारखी हळूहळू उभी राहिली, गुडघ्याला लागली, फुलावर आली. सगळ्या वर्षाची आशा त्या पांढऱ्या फुलांत होती. मग एके सकाळी वैतागून त्यानं सगळी पन्नी ओढून काढली आणि गुंडाळून ठेवली.

उपग्रहाच्या पुढच्या फेरीत निळा डाग नाहीसा झाला.

"तळं आटलं!" विभागप्रमुख किंचाळले.

"सर, तळं नसेलच कदाचित..."

"नसेल? मी परिषदेत जाहीर केलंय! आटलंच आहे. तातडीचा इशारा पाठव."

इशारा पाटबंधारे कार्यालयात पोचला. तळं वाचवायचं म्हणजे तळ्यात पाणी सोडायचं, एवढं तिथे विचार न करताही समजलं. ज्या शेताला घोटभर मिळत नव्हतं, त्याच्यावर कालव्याचं दार सताड उघडण्यात आलं.

या वेळी मेहुण्याचा फोन बायकोनं घेतला आणि नवऱ्याला दंडाला धरून गाडीत बसवलं.

शेतावर पाणीच पाणी होतं. मिरचीची पानं तेवढी वर माना काढून होती. विभागप्रमुख खात्री करायला बांधावरून वाकले, घसरले आणि धपकन आत गेले. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी सहायिकेला फोन लावला.

"नुकतीच फेरी झालीय ना? काय दिसतंय?"

"कोरडं, सर. पानांखालचं पाणी उपग्रहाला कळत नसावं बहुतेक. पण तुम्ही तिथेच आहात ना? तुम्हाला काय दिसतंय?"

"मला काय दिसतंय याचा काय संबंध?" त्यांनी फोन बंद केला आणि बांधावर उभ्या बायकोला नि मेहुण्याला सांगितलं, "कोरडं आहे."

"दाजी, पाया पडतो," मेहुणा काकुळतीला आला. "मुळं कुजतील. एक फोन करा, दार बंद करायला सांगा. तुमचा शब्द ते मोडत नाहीत."

"नोंदीत नसलेलं पाणी मी थांबवू कसं? पुढच्या फेरीत दिसलं की बघू."

"कधी येतो तो?"

"पंधरवड्यानं."

बायकोनं बांधावरून वाकून नवऱ्याच्या हातातला फोन काढून घेतला.

"हॅलो, पाटबंधारे? उपग्रहाकडून बोलतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी उभं राहिलं असावं. "बोला मॅडम!"

"तळं काठोकाठ भरलंय. दार बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"लगेच, मॅडम! आणखी काही आदेश?"

"शेताची पाळी पहिल्यासारखी सुरू करा. आणि अधूनमधून खिडकीबाहेर बघत जा."

"नोंद केली, मॅडम!"

थोड्या वेळात कालव्याचा घोष मंदावला, मग थांबला. मेहुण्यानं फावडं घेऊन बांध फोडला. पाणी खळखळत ओढ्याकडे निघालं आणि एकेक रोप, अंग झाडत, मातीवर उभं राहिलं.

विभागप्रमुख चिखलात रुतलेलेच होते. चेहरा अपमानानं लाल झाला होता.

"मोजमाप नाही, उपकरण नाही, आणि खुशाल नोंद देतेस? कुठून घेतलीस ही नोंद? किती उंचीवरून?"

"बांधावरून," बायको म्हणाली. "तुमच्यापेक्षा हातभर उंच आहे. हात द्या, या वर."