कासवाचा दगड

एका जंगलात, बाळांनो, फार पूर्वी मोठा दुष्काळ पडला. तेव्हा एका हत्तीने सुळ्यांनी जमीन उकरून दोन झरे मोकळे केले. एक डोंगरावर, एक पायथ्याशी. जाताना तो आपल्या सोबत्याला, कासवाला म्हणाला, "तहानलेल्याला पाजत जा. बाकी काही नाही."

हे कासव तसे भित्रे. वाघाने एकदा खोदून खोदून विचारले, "हत्ती तुझा कोण?" तेव्हा त्याने तीन वेळा मान आत घेतली आणि तिन्ही वेळा ते म्हणाले, "कोण हत्ती?" पण पुढे त्याने जन्मभर पाणी पाजले. आधी खालच्या झऱ्यावर, मग वरच्या. वरच्या झऱ्याजवळ एका दगडावर बसल्या बसल्याच ते मेले.

कासव गेले, दगड राहिला. आणि दगडावर बसायला बूड असले की पुरते.

त्यावर एक गवा बसला. म्हणाला, "कासवाच्या जागी मी. दोन्ही झरे माझ्या हुकमात."

खालच्या झऱ्यावरचे सांबर चिडले. "कासव आधी आमच्याकडे बसलं होतं. हवा तर मानाचा पहिला नमस्कार तुम्हाला करू, पण हुकूम ऐकणार नाही."

भर वैशाखात सभा भरली. पहिलाच ठराव असा की, निकाल लागेपर्यंत कुणी पाणी प्यायचे नाही. प्यायचे तर कुणाच्या परवानगीने? ठराव एकमताने मंजूर झाला.

मग गव्याचा कारभारी कोल्हा एक जुने पान घेऊन आला. त्यावर हत्तीच्या अक्षरात दोन्ही झरे गव्याच्या नावे केलेले होते. हत्तीला लिहिता येत नव्हते, हे कुणीच काढले नाही. सांबराचे म्हणणे एवढेच की, शाई वरच्या झऱ्याच्या पाण्यात कालवली आहे.

तिसऱ्या दिवशी एक साळू आली. तिच्या पिल्लाची जीभ कोरडी पडली होती.

"महाराज, पोरगं घोटभर पाणी मागतंय. कुठल्या झऱ्यावर नेऊ?"

"आधी सांग," गवा म्हणाला, "कासवाचा खरा वारस कोण?"

"मला काय ठाऊक? कासव पाजायच्या आधी असलं काही विचारायचं का?"

मग गवा आणि सांबर यांनी मिळून साळूला दोन्ही झऱ्यांवरून हाकलले. हे दुसरे एकमत. मला तर दोघांचीही शिसारी येते.

साळू त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ओढ्याच्या कोरड्या पात्रात गेली आणि नखांनी वाळू उकरू लागली. उन्हे कलताना ओल लागली, मग पाणी. पिल्लू पोटभर प्यायले. हळूहळू सभेतलेही एकेक जण मागच्या वाटेने येऊ लागले. त्यांत गव्याचे वासरूही होते. साळूने सगळ्यांना पाजले, कुणाला काही विचारले नाही. जांभळाच्या मुळाला टेकून ती तिथेच बसायची.

पुढे ती म्हातारी होऊन मेली. तेराव्याला सगळे त्या मुळाशी जमले. साळू मुळाच्या डावीकडे बसायची की उजवीकडे, यावर दोन साळिंदरांची जुंपली. सभा भरली. निकाल लागेपर्यंत कुणी पाणी प्यायचे नाही, असे ठरले.

तात्पर्य: तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे मोठी माणसे सांगतात. खुशाल खणावी. फक्त खणल्यावर तिच्याजवळ बसू नये.