सॅक्सनची खेळी

म्हात्रे गुरुजी मला सॅक्सन म्हणत. वाशीच्या बाजारात मी कोलंबीच्या वाट्यावर वाकलेलो असताना मागून हाक येई, "काय सॅक्सन, आज काय लुटलंस?"

गुरुजी शेजारच्या गावातले, शाळेतून निवृत्त झालेले. रद्दीत त्यांना इंग्लंडच्या इतिहासाचं पुठ्ठा नसलेलं पुस्तक मिळालं होतं. दीड हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून सॅक्सन आले आणि मूळच्या वेल्श लोकांना रेटून त्यांनी सपाट जमीन बळकावली, ही गोष्ट गुरुजींच्या मनाला कायमची लागली. "तुमी बी खाडीपूल वलांडूनच आलात," ते म्हणत. आमची बिल्डिंग त्यांच्या भातखाचरावर उभी होती.

रोज संध्याकाळी ते पायवाटेने येत आणि आमच्या टेबलावर लढाई जुंपे. चिंचोके वेल्श, बायकोच्या डब्यातली बटणं सॅक्सन. एक खेळी त्यांची, एक माझी. माझी होईपर्यंत ते चहालाही शिवत नसत. हरायला लागले की चिंचोके मुठीत गोळा करून साखरेच्या डब्यामागे नेत.

"गुरुजी, हा पळपुटेपणा झाला!"

"वेल्श हरत न्हाय. डोंगराव जातो. पुस्तक दाखवू?"

एकदाच, चपला घालताना म्हणाले, "घरी भांडाया बी कोन न्हाय रं."

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. गावातल्या शेळ्यांनी आमची जास्वंद खाल्ली, म्हणून कमिटीने पायवाटेवर भिंत घालायचं ठरवलं. निदान एक फाटक ठेवा, असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. सही केली.

भिंत झाली. भरावाची माती पलीकडून, गावाच्या बाजूनेच खणून काढली होती. गुरुजी त्या खड्ड्याशी उभे राहिले.

"सॅक्सन राजानं बी वेल्शला अडवाया असाच बांध घातला व्हता. खड्डा आमच्याच बाजूला!"

ते हसले, मीही हसलो. रस्त्याने वळसा घालून या, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या सकाळी भिंतीवर एक चिंचोका होता. त्यांची खेळी. मी बटण खिशात घालून खाली उतरलो. तिथे कमिटीची मंडळी गप्पा मारत होती. त्यांच्यासमोर भिंतीवर बटण ठेवायची मला लाज वाटली. परत फिरलो.

खाडीवरचा वारा दुपारी चिंचोका पाडी. सकाळी तो पुन्हा तिथेच असे. असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी मी सगळ्यांदेखत भिंतीपाशी गेलो. वर काहीच नव्हतं. खाली, खड्ड्यातही नव्हतं.

तरी मी बटण ठेवलं. वेल्श डोंगरावर गेला होता.