सासूबाईंसाठी लेमन पाई

आज आपण स्वतःच्या हाताने लेमन पाई करणार, असं फ्रिजवाल्याने जाहीर केलं तेव्हा बायकोने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

फ्रिजवाला म्हणजे गल्लीतले सगळे फ्रिज दुरुस्त करणारा मेकॅनिक. त्याच्या कामाला कोणी नाव ठेवत नसे. फक्त सासूबाई त्याला कशाबद्दलही बरं म्हणत नसत. त्याने दिलेली भेट त्यांना भडक वाटे, तो बोलला तर आवाज मोठा वाटे, आणि गप्प बसला तर तो घुमा ठरे. लग्नाला आठ वर्षं झाली होती. आज त्या जेवायला येणार होत्या आणि त्यांच्या तोंडून कौतुकाचा निदान एक शब्द काढायचाच, असा त्याने चंग बांधला होता.

"ओव्हनसुद्धा लागत नाही गं," तो बायकोला म्हणाला. "खाली बिस्किटांचा चुरा, वर लिंबू घातलेलं क्रीम. बाकी सगळं फ्रिज करतो."

"तरीच तुम्हाला सोपं वाटतंय!"

कृती त्याने अगदी मन लावून केली. बिस्किटं कुटली, वितळलेल्या लोण्यात कालवली, पसरट डब्याच्या तळाशी थापली. कंडेन्स्ड मिल्क आणि क्रीम घोटून त्यात लिंबाचा रस पिळला. मिश्रण छान दाटसर झालं. ते वर ओतून त्याने डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि संध्याकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही अशी घरादाराला ताकीद दिली.

फ्रिजचं दार सारखं उघडू नका, हे तो गिऱ्हाइकांना रोज घसा फोडून सांगत असे. पाचच मिनिटांत त्याने दार उघडलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. सहज बघितलं."

त्यानंतर तो सहज बघतच राहिला. त्याला बघताना पाहून त्याच्या वडिलांनाही राहवेना. त्यांनी पाई घट्ट झाली का ते बोट घालून पाहिलं. खड्डा पडला. तो बुजवायला बायकोने चमचा फिरवला. खड्डा नीट बुजला का, हे बघायला फ्रिजवाला टॉर्च घेऊन दारात उकिडवा बसला. दार उघडंच आहे म्हणून वडिलांनी पाण्याची बाटली काढून घेतली, आणि बायकोने सॅलडसाठी उकडलेल्या बटाट्यांचं वाफाळतं पातेलं पाईशेजारी सरकवलं.

"अगं, गरम आहे ते!"

"गार व्हायलाच ठेवलंय ना!"

संध्याकाळी सासूबाई आल्या, जेवल्या. मग पाई आली. फ्रिजवाल्याने सुरी घातली आणि तुकडा बशीत ठेवला. तुकडा बशीत थांबला नाही. तो शांतपणे पसरत काठापर्यंत गेला.

"हे काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

वडील छताकडे बघू लागले. फ्रिजवाल्याने मनात पटकन हिशेब केला. पाई बिघडली म्हणावं, तर सासूबाईंना आणखी एक विषय मिळणार. फ्रिज काही उलट बोलणार नव्हता.

"आई, पाई एकदम फर्स्टक्लास जमली होती," तो म्हणाला. "या फ्रिजने दगा दिला. बरेच दिवस नीट गारच करत नाहीये. आज बघू, उद्या बघू करतोय, पण जमतच नाहीये मला."

सासूबाईंनी चमचाभर तोंडात घातलं. आणखी एक चमचा घेतला.

"चव मात्र फार सुरेख आहे हो, जावईबापू."

फ्रिजवाल्याला आनंदाने काय करावं कळेना. त्याने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. तोवर सासूबाई लेकीकडे वळल्या होत्या.

"अगं, माझा फ्रिज बंद पडलाय. म्हटलं, घरचा मेकॅनिक असताना बाहेरचा माणूस कशाला? आज तेच सांगायला आले होते. पण राहू दे, त्यांना स्वतःचाच जमत नाहीये. मी बघते दुसरा कोणी."

आणि बशी जावयापुढे धरून त्या प्रेमाने म्हणाल्या, "तुम्ही आपले हेच करत जा. थोडं आणखी वाढा बघू."