कुंदन घाबरत का नाही?

चुडामण पाटलांनी सकाळपासून अकरा वेळा मोबाइल उचलून पाहिला होता. मेहुण्याचा फोन काही येत नव्हता. धुळ्याचा पारा रोज चढत होता आणि शेअर बाजार रोज उतरत होता.

आता कुणी विचारेल, मेहुण्याचा आणि बाजाराचा काय संबंध? होता ना! एसटी डेपोतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर चुडामणरावांनी एकच तत्त्व धरलं होतं: लोक घाबरून विकतात तेव्हा आपण घ्यायचं. तत्त्व झकास. पण लोक घाबरलेत हे कळणार कसं? त्यासाठी देवाने त्यांना दोंडाईच्याचा कुंदन दिला होता. बाजार पडला की त्याचा फोन ठरलेला. "दाजी, माझं काही खरं नाही. विकून टाकू का?" तो रडकुंडीला आला की चुडामणराव खुशाल खरेदी करायचे, आणि सात वर्षांत दोन-तीनदा त्यांना बऱ्यापैकी फायदाही झाला होता.

जानेवारीत कुंदन असाच घाबरला आणि चुडामणरावांनी पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे दोन हजार शेअर दीडशेच्या भावाने घेऊन टाकले. झाले तीन लाख. ते पैसे वरच्या खोलीच्या स्लॅबचे होते. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक पुनम त्या पत्र्याच्या खोलीत चार दिवस राहिली, बाळाच्या अंगभर घामोळं उठलं, आणि पाचव्या दिवशी ती डोळे पुसत सासरी परतली. पुढच्या आखाजीला लेक स्लॅबखालीच झोपेल, असं रत्नाबाईंनी तेव्हाच ठरवलं होतं. "पाडव्यापर्यंत तीनाचे चार करतो," असं नवऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. पाडवा तोंडावर आला आणि तीनाचे सव्वादोन झाले होते.

"कुंदन का घाबरत नाही गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"त्यालाच जाऊन विचारा." रत्नाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "वना मिस्त्री म्हणतो, दोन लाखांत स्लॅब होतो. लाद्या पुढच्या वर्षी बघू. विकून मोकळे व्हा."

"अगं, तळाला कुणी विकतं का?"

"मग हा तळ आहे का?"

"तेच तर! कुंदन घाबरल्याशिवाय कळणार कसं?"

शेवटी न राहवून ते दोंडाईच्याच्या गाडीत बसले. कुंदनचं मिरची कांडप केंद्र होतं आणि ऐन हंगाम होता. दारात डबे घेऊन बायका बसलेल्या, आत यंत्र धडधडतंय, हवेत तिखट. चुडामणरावांना उंबऱ्यातच चार शिंका आल्या.

"या दाजी! बठ्ठं बरं शे ना?" कुंदन हसून म्हणाला. एवढ्या ठसक्यात त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"बाजार पाहिलास का?"

"पाहिला. पडतोय. चहा सांगू?"

"अरे, चहा काय सांगतोस! ती पंपवाली कंपनी अजून निम्म्यावर येईल म्हणतात."

"येईल की."

"कर्ज आहे तिच्यावर. उद्या टाळंसुद्धा लागेल!"

"लागेल बुवा. साखर कमी ना तुम्हाला?"

चुडामणरावांनी मग काही शिल्लक ठेवलं नाही. मंदी, महागाई, परदेशातली लढाई, बुडालेल्या चार कंपन्या आणि तेव्हा अंथरुणाला खिळलेली सहा माणसं, सगळं त्यांनी घसा ताणून सांगितलं. कुंदन मिरच्यांचे देठ खुडत ऐकत राहिला. बोलता बोलता चुडामणराव स्वतःच घाबरले. हे सगळं खरं असलं तर? त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यातलं मिरचीचं किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

डबा घेऊन बसलेल्या बेबाबाईंना त्यांची दया आली. "इतलं भेव वाटस ते इकी टाका ना, भाऊ!"

तिथेच मोबाइल काढून चुडामणरावांनी दोन हजारच्या दोन हजार शेअर विकून टाकले. भाव मिळाला एकशे दहा. कुंदन तेवढ्यात मोबाइल घेऊन यंत्रामागे गेला. दहा मिनिटांत रत्नाबाईंचा फोन आला. "उद्या पैसे जमा होतील ना? वनाला परवाचं सांगते." हिला कसं कळलं, हे विचारण्याचंही चुडामणरावांना भान नव्हतं.

पुढच्याच सोमवारपासून शेअर वर चढायला लागला. आखाजीपर्यंत तो पुन्हा दीडशेवर गेला. तोवर चुडामणराव पेपरातलं ते पानच उघडेनासे झाले होते. पण पुनम आली, नव्या स्लॅबखाली बाळ गाढ झोपलं, आणि त्यांना खरंच बरं वाटलं. खोलीत कोरा करकरीत कूलर घोंघावत होता.

"हा कुणी आणला?"

"मीच. माझे भिशीचे चाळीस हजार कुंदनकडे ठेवले होते," रत्नाबाई म्हणाल्या. "दाजी विकतील त्या दिवशी तेच शेअर घे, असं सांगून. त्याच नफ्याचा हा कूलर."

"म्हणजे? तो माझ्या घाबरण्यावर घ्यायचा?"

"सात वर्षं वाट बघत होता! फोनवर खोटंच रडायचा, तुम्ही घाबरलात का ते बघायला. तुम्ही उलट घेत सुटायचात. या वेळी मीच म्हटलं, फोन करू नको. तो घाबरला की तुम्ही हट्टाला पेटता, आणि तो शांत असला की तुम्हाला झोप लागत नाही. स्लॅब तुमच्या पैशांचा आहे. कूलर तुमच्या भीतीचा."

चुडामणराव कूलरसमोर जाऊन बसले. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. कुंदन होता.

"दाजी, बाजार परत पडतोय. कसं वाटतंय तुम्हाला?"

चुडामणरावांनी बायकोकडे पाहिलं. रत्नाबाईंनी खालच्या ओबडधोबड कोब्याकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाल्या, "जरा घाबरा ना हो. लाद्या राहिल्यात."